तीन गाऱ्हाणी

करवंटी जळाल्याचा वास आला की मी आजही आधी चुलीकडे बघते. आता घरात चूल नाही, गॅस आहे, आणि शेवटचं फेफरं येऊन किती वर्षं झाली ते मोजणंही मी सोडून दिलंय. तरी वास आला की मान तिकडे वळते, आणि काही जळताना दिसलं नाही तर मी जिथे असेन तिथे खाली बसते. लोक हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात वाडीतली एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीला दोनदा झटके आले होते. बाईने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "आजी, तुमका पण ह्या होता मां? मगे तुम्ही इतकी वर्सा काढल्यात कशी?" तिला तोंडी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही. भीतीतलं कळतं, कारण तेरा-चौदा वर्षं मी तिच्याच घरात राहिले.

वास

आमचं घर मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. थोडे माड, थोडं भात. घरात आई, आबा, मी आणि वहिनी. दादा मुंबईला गिरणीत होता, वर्षातून एकदा बोटीने मालवणला उतरायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, देवळात गाऱ्हाणं घालायचे. कुणाचा नवस असला, कुणावर संकट आलं, की त्याच्या वतीने देवासमोर उभं राहून जे मागणं मोठ्याने मागतात ते गाऱ्हाणं. आबा एकेक ओळ म्हणत आणि जमलेली माणसं ओळीओळीला "व्हय म्हाराजा" म्हणत. आबांचा आवाज खणखणीत आणि म्हणायची गत ठरलेली. एकदा सुरू झाले की मध्ये थांबत नसत. हे आधीच सांगून ठेवते, पुढे सगळं त्याच्यावर आलं.

मी तेरा वर्षांची होते, त्रेपन्न-चौपन्न साल असावं. आडाळ्यावर बसून नारळ खवत होते. करवंटी जळाल्याचा वास आला. डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. त्यापुढचं मला माहीत नाही. जाग आली तेव्हा ओटीवर आडवी होते, तोंडात रक्ताची चव, परकर ओला, आणि भोवती अर्धी वाडी. आधी लाज वाटली. भीती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, जेव्हा वहिनीने पाणी तापवायला खरोखरच्या करवंट्या चुलीत घातल्या.

ज्याच्यावर ही पाळी आली नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. आमच्याकडे ज्या घरात करवंटी जळत नाही असं घर नाही. दिवसातून दहा वेळा मला वाटायचं, आलं. मी विचारायची, "वैनी, करटी जळता काय गो?" ती "व्हय" म्हणाली की मी पुन्हा माणसात. "नाय" म्हणाली की ती हातातलं टाकून धावत यायची. पण कधी ती परसात असायची आणि उत्तरच यायचं नाही. तेवढा वेळ मी दोन्ही हात जमिनीला टेकून चुलीकडे बघत बसायची.

विहिरीवर मला एकटीला जाऊ देत नसत. धुणं धुवायला गेलो की वहिनी आपल्या पदराची गाठ माझ्या परकराला मारायची. ती माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. मी तिला म्हणायची, "मी पडलंय तर तुका पण घेऊन जातलंय." ती म्हणायची, "मगे पड नको."

दात

फेफऱ्यावर गावात उपायांची कमी नव्हती. कांदा फोडून नाकाला लावला. चप्पल हुंगवली. हातात लोखंडी चावी दिली. दातखीळ बसली म्हणून कुणीतरी घाईघाईने उलथन्याचा दांडा दातांत घातला, तेव्हा वरचा पुढचा दात तुटला. फोटोत मी तोंड मिटून असते ते त्यामुळे. चौघी-चौघी मिळून माझे हातपाय दाबून धरायच्या आणि मग आठ दिवस माझे खांदे दुखायचे. सगळ्यांनी मायेनेच केलं, ह्यात शंका नाही. पण तुटलेला दात जिभेला लागला की मला माया आठवत नाही, उलथनं आठवतं.

आईने मला लग्नकार्यात न्यायचं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायची, "तिका बरा नाय." काय बरं नाही ते सांगायची नाही.

घाटावर

दोन वर्षं अशी काढल्यावर आबांनी मला घाटावरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं. होडीने खाडी ओलांडली, पुढे एस.टी. फोंडाघाटच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा आबांनी भजी आणली. मी एकही खाल्लं नाही. घाटाच्या वळणावर आपल्याला वास आला तर काय, एवढंच डोक्यात होतं, आणि पेट्रोलच्या वासाने मला कुठलाच वास ओळखता येईना.

डॉक्टर घाईत होते पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी तपासलं, आबांना खूप प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हा अपस्मार आहे. गोळी रोज घ्यायची. एकही दिवस चुकवायची नाही. अचानक बंद केली तर फार वाईट होईल."

आबांनी कचेरीतलं मराठी काढलं. "साहेब, पण बरी होईल ना?"

"गोळ्या घेतल्या तर झटके बरेच कमी होतील."

बाहेर पायऱ्यांवर आबा खूश होते. त्यांनी 'बरे' ऐकलं होतं. मी 'कमी' ऐकलं होतं. कमी म्हणजे किती? आणि जे उरतील ते कुठे गाठतील, विहिरीवर की चुलीपाशी? मी पायरीवर बसून रडले आणि आबांना वाटलं आनंदाने रडतेय.

गोळीचं प्रमाण ठरेपर्यंत मला पंधरा दिवस ठेवून घेतलं. वॉर्डात पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग झाडूवाली, मग डॉक्टरांची फेरी. झटक्यात अंग आपटू नये म्हणून माझ्या लोखंडी खाटेच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना घोंगडी गुंडाळलेली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "हिच्याच खाटेला घोंगडी का?" त्या रात्री मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी एक सिस्टर आल्या. चार्ट वाचून त्यांनी गावाचं नाव बघितलं आणि एकदम म्हणाल्या, "तू आमच्या वाटेवरचा चेडू मां गो? मी आरोंद्याची." फिलोमिना त्यांचं नाव, सगळे फिलूसिस्टर म्हणत. डॉक्टरांशी स्वच्छ मराठीत 'मुलगी' आणि माझ्याशी असं 'चेडू'. त्या परक्या गावात आपली भाषा कानावर पडल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली.

त्यांनी विचारलं, "पडाच्या आदी तुका काय होता?"

तोवर सगळे मला, मी पडल्यावर काय दिसतं ते सांगत आले होते. पडायच्या आधी मला काय होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी करवंटीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्या बरा आसा. देवान तुका घंटा दिली हा. वाजली की खाली बस."

आबांना त्यांनी खाटेपाशी उभं करून शिकवलं. धरून ठेवायचं नाही. कुशीवर वळवायचं, म्हणजे फेस बाहेर येतो. डोक्याखाली घडी, गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल. दातखीळ बसल्यावर तोंड उघडायला जायचं नाही, माझा दात दाखवून त्यांनी हे दोनदा सांगितलं. जागी झाली की लगेच पाणी पाजायचं नाही आणि प्रश्न विचारायचे नाहीत. "आणि किती वेळ चालता ता बघायचा," त्या म्हणाल्या. "घरात घड्याळ आसा?"

घड्याळ नव्हतं.

"मगे अंदाजे किती वेळ चालता?"

आबांनी विचार करून सांगितलं, "एक गाऱ्हाणा."

ते माझ्याजवळ बसून प्रत्येक वेळी गाऱ्हाणं घालायचे हे खरं होतं. दुसरं काय करणार? सिस्टरनी मनगट पुढे धरलं आणि म्हणाल्या, "घाला बघू."

आणि त्या घाटावरच्या वॉर्डात आबा हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज जा काय सोसता हा..." ओळ संपली आणि सवयीने ते थांबले. "व्हय म्हाराजा" म्हणायला तिथे कोण होतं? सगळ्या पेशंट कोल्हापूरकडच्या, तोंडं उघडी टाकून बघत होत्या. तेव्हा फिलूसिस्टर, गळ्यात क्रूस असलेल्या, घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." शेवटपर्यंत प्रत्येक ओळीला म्हणाल्या. मी किती दिवसांनी हसले.

गाऱ्हाणं दोन मिनिटांना थोडं कमी भरलं. सिस्टरनी कागदावर लिहून दिलं: तीन गाऱ्हाणी झाली आणि झटका थांबला नाही, की उचलायचं आणि मालवणच्या दवाखान्यात न्यायचं. एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरा आला तर मोजायचंसुद्धा नाही. आबांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला.

देवी

गोळ्यांनी खरंच कमी झालं. महिन्याला तीन-चार यायची ती दोन-तीन महिन्यांनी एक. एका गाऱ्हाण्याच्या आत सुटायची. झोप फार यायची, डोकं जड असायचं. दादा मुंबईहून गोळ्या पाठवायचा, पावसाळ्यात बोटी बंद म्हणून चार महिन्यांच्या एकदम. तीन वर्षं बरी गेली म्हणायची. फक्त स्थळं येत आणि चहा पिऊन परत जात.

मग गावची जत्रा आली. दुपारी सातेरीदेवीच्या देवळात ओट्या भरायची रांग होती. मी आईच्या पुढे. वास आला. मी मागे वळून विचारलं, "करटी जळता?" पण वहिनी घरी होती आणि आईला त्या गर्दीत ऐकू गेलं नाही. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यासमोरच पडले.

डोळे उघडले तेव्हा कुणी कांदा फोडला नव्हता. बायका हात जोडून बसल्या होत्या. माझ्या कपाळाला कुंकू होतं. देवळात अंगात आलं की आमच्याकडे त्याला अवसार म्हणतात. भागीरथीकाकू, वाडीतली म्हातारी विधवा, माझ्या पायाशी वाकून विचारत होती, "आये, माझो झील मुंबयसून पत्र कित्या घालना नाय?"

माझी जीभ जड होती. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, "करटी..."

काकूने घरी जाऊन तिठ्यावर करवंटी जाळली. चौथ्या दिवशी तिच्या मुलाचं पत्र आलं. आता काय बोलायचं?

मंगळवारी-मंगळवारी बायका आमच्या अंगणात यायला लागल्या. खण-नारळ आणत. आई, जी पाच वर्षं मान खाली घालून वावरली, ती आता त्यांना पाट मांडून बसवायची. एका बाईने तिला सांगितलं की देवीला गोळ्या चालत नाहीत. आई रोज सकाळी मला विचारायची, "गोळी घेतलंस?" त्या दिवशी तिने विचारलं नाही.

इथे मला खरं लिहायला हवं. गोळ्या आईने काढून घेतल्या नाहीत. तिने विचारणं सोडलं आणि मी घेणं सोडलं. रोजची गोळी मी जास्वंदीच्या मुळाशी टाकत होते. ज्या वाडीने मला फेफरेकरीण म्हटलं ती आता मला अगो-जागो करायची थांबली होती. अठरा वर्षांची होते. मला ते आवडलं होतं. डॉक्टरांचं 'फार वाईट होईल' रोज आठवायचं आणि तरी मी टाकत होते.

मंगळवार

पुढचं मी वहिनीकडून ऐकलेलं आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

गोळी सोडल्याचा नववा दिवस, मंगळवार, दुपारचे तीन-चार. अंगणात पाच-सहा बायका. मी पडले तसे सगळ्यांनी हात जोडले, आईनेही. वहिनीने मला कुशीवर वळवलं. आबा ओटीवरून उतरले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पहिलं झालं. अंग थांबलं नाही. ओठ काळेनिळे पडायला लागले. आबांनी दुसरं सुरू केलं.

ते दुसरं संपेना. एरवी सातेरीचं आणि चार जागेवाल्यांचं, म्हणजे राखणदार देवांचं, नाव घेऊन ते मागण्यावर येत. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक पाणंदीचा, प्रत्येक बांधाचा, आंब्याखालच्या दगडाचा देव नाव घेऊन बोलावला. एकेक शब्द ओढत. ज्याचं नाव घेतलं त्याचं पुन्हा घेतलं. वहिनी माझ्या डोक्याशी बसून बघत होती आणि तिला कळलं की हे संपणारच नाही.

ती घरात सासऱ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. पाणी हवंय का हेही ती दाराआडून विचारायची. ती उठून उभी राहिली आणि आबांची ओळ अर्ध्यावर असताना म्हणाली, "व्हय म्हाराजा. पुरे, मामंजी."

आबा म्हणाले, "दुसरा संपाक नाय अजून."

"माझी तीन झाली," वहिनी म्हणाली. "होडी काढा."

आई म्हणाली, "अगो, देवी आसा ती." वहिनीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि ज्या बायका देवीला भेटायला आल्या होत्या त्यांनीच मला गोधडीत घालून खाडीवर नेलं. भागीरथीकाकू होडीत बसली, माझं डोकं मांडीवर कुशीवर धरून. माझ्यासाठी आणलेला नवा खण तिने माझ्या तोंडाचा फेस पुसायला वापरला. आबा वल्ही मारत होते. वाटेत झटका थांबला आणि मी डोळे उघडायच्या आत दुसरा आला.

मालवणच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. त्या औषधाचा उग्र वास माझ्या श्वासाला चार दिवस होता. मी दोन दिवसांनी जागी झाले आणि वहिनीला ओळखलं नाही. तिला विचारलं, "तू कोणाची?" ते ती अजून विसरलेली नाही.

सावकाश

दहाएक दिवसांनी मला पुन्हा घाटावर नेलं. ह्या वेळी आईही आली. फिलूसिस्टरनी खाटेच्या दांड्यांना घोंगडी बांधता बांधता विचारलं, "गोळये कोणी बंद केले?"

"मी," आई म्हणाली.

मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

आईने अवसाराचं सगळं सांगितलं, रडत रडत. सिस्टरनी देवीला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाल्या, "देवीक येवचा असला तर ती गोळी घेतलेल्या अंगात पण येतली. गोळयेक भिता ती देवी कसली?" मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आणि तीन गाऱ्हाण्यांत उचललात मां?"

आबा खिडकीकडे बघत होते.

"मी सावकाश म्हटलंय," ते म्हणाले. "तिसरा झाला असता तर उचलूक होया होता. उचलला आणि होडयेतच काय झाला तर? म्हणान मी दुसरा संपवकच नाय. जोवर संपणा नाय तोवर माका वाटा, चेडू आसा."

माझ्या बापाने देवासमोर कधी खोटं गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्याला मी तिथे, परक्या बायकांच्या वॉर्डात, लहान मुलासारखं ओठ आवळून उभं बघितलं. आणि मग माझ्याने गप्प राहवेना. मी म्हणाले, "आये, गोळये तू बंद करूक नाय. मीच टाकी होतंय. जास्वंदीत."

आईने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कपाळावरून हात फिरवला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टरनी काही शिकवण दिली नाही. म्हणाल्या, "बरा. हेच्यापुढे गाऱ्हाणा आबा घालतले आणि मोजतली वैनी."

मोजणी

तेव्हापासून गोळी रोज. मंगळवार बंद झाले. आई बायकांना स्पष्ट सांगायची, "चेडवाक फेफरा आसा, औषध चालू आसा." ते तिला किती जड गेलं असेल ते मला आता कळतं. वहिनी मोजायची. सासऱ्याशी ती पुढे कधीच दाराआडून बोलली नाही. माझं लग्न झालं नाही, पण वाडीतल्या मुलींना मी शिवणकाम शिकवायला लागले, मशीनपाशी जमिनीवर जाजम घालून.

आबांचं गाऱ्हाणं मात्र बदललं. देवळातसुद्धा ते भरभर म्हणायला लागले. लोक चेष्टा करत, "आबा, बोट सुटता काय?" ते पुढची ओळ धरत. घाई कसली ते मला ठाऊक होतं.

मुलीला घेऊन आलेल्या त्या बाईला मी एवढंच सांगते की गोळी रोज द्या, दातात काही घालू नका, आणि मोजणारं माणूस दुसरं ठेवा. आई-बापांनी मोजू नये. त्यांच्या हातून ते होत नाही.

शेवटचं फेफरं मला सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास आलं. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला माहीत असणार? सकाळची वेळ होती, मी ओटीवर होते. वास आला, मी विचारलं, वहिनी आतून "नाय" म्हणाली आणि मी खाली बसले. ती येऊन मला कुशीवर वळवून, दूध उतू जातंय म्हणून क्षणभर आत गेली. झटका अर्ध्या गाऱ्हाण्यातच सुटला होता. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं, म्हणून आबा पुढे म्हणत होते, घाईघाईने, म्हातारपणाने आवाज चिरकत. मला ते लांबून ऐकू यायला लागलं. शेवटची ओळ झाली. आबा थांबले. "व्हय" म्हणायला कुणी नव्हतं.

माझी जीभ जड होती, पण हलली. मी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आबांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि खांबाला टेकून उभे राहिले. तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आली.

"मामंजी, किती झाली?"

"एक," आबा म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेव नको. चेडवाक इचार."

तिने माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं.